समिंदरनं पाखरू

ज्या घरात अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलं नाही, त्या घरात माझ्या आईने सहा दिवस मासे कापले. हे मी सांगते तेव्हा आमच्या प्रकाशा गावचे लोक माझ्याकडे संशयाने बघतात. तुझी माय? ती माळकरीण? काहीतरीच सांगू नको. काहीतरीच नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. गळ्यातली तुळशीची माळ ती काढायची, देवघराच्या खुंटीला अडकवायची, पदर खोचून गोठ्याच्या मागे जायची, आणि विळीवर बोटाएवढे मासे चिरून परत यायची. मग डोक्यावरून अंघोळ, मग माळ पुन्हा गळ्यात. दिवसातून तीनदा. त्या उन्हाळ्यात ती एवढ्या वेळा नाहायची की केस वाळायला उसंत मिळत नव्हती. ओल्या केसांनीच ती ओट्यावर मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली असायची, आणि तो मोबाइल वाजत नव्हता.

माझा मोठा भाऊ भूषण तेव्हा समुद्रावर होता. शहाद्याला आयटीआय करून डिझेल मेकॅनिक झाला आणि शेती सोडून सुरतेच्या पुढे, तापी समुद्राला मिळते त्या बाजूच्या एका बंदरात टगवर लागला. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी लहान पण दांडगी बोट. नानांना, म्हणजे वडिलांना, हे काम काही पटलं नव्हतं. मायला पटण्याचा प्रश्नच नव्हता. तिचा धाकटा भाऊ लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत तापीत गेला होता, आणि तेव्हापासून नदी तिच्यासाठी हात जोडायची वस्तू होती, उतरायची नव्हे. आमचं घर घाटापासून हाकेच्या अंतरावर. गल्लीतली सगळी पोरं बेडकासारखी पाण्यात, आणि आमचा भूषण काठावर चपला सांभाळत बसलेला. टगवर जायच्या आधी मायने त्याला देवासमोर उभं करून विचारलं, "पवाले शिकना का?" तो म्हणाला, "शिकनू." मला त्याने गच्चीवर नेऊन खरं सांगितलं. कुठचं पोहणं अन् काय. "जाकीट ऱ्हास ना वं तठे," तो म्हणाला, "कोन पवाले सांगस?" आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून त्याने मला स्वतःची शपथ घातली. मायला हे कधी सांगायचं नाही. मी तेव्हा लोणखेड्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते आणि शपथांवर माझा विश्वास नव्हता, पण भावाची शपथ ती भावाची शपथ.

वैशाख संपत आला होता. गच्चीवर कुरडया वाळत होत्या. टीव्हीवर दोन दिवस वादळाच्या बातम्या चालू होत्या, पण आमच्याकडे वादळ म्हणजे दुसऱ्याच्या गावची गोष्ट. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे. दुपारी भूषणचा फोन आला. मागे वाऱ्याचा असा आवाज की त्याचं निम्मं बोलणं ऐकू येईना. "वारं सुटेल शे. नंतर करस," एवढंच. नंतर तो आवाज आमच्याकडेच आला. संध्याकाळपर्यंत कुरडया कुणाच्या कुणाच्या अंगणात उडून गेल्या, नानांची केळी आडवी झाली, पपई मधोमध मोडली, आणि रात्रभर पत्रे वाजले. भूषणचा फोन बंद. त्याच्याबरोबर आयटीआयला असलेला, त्याच टगवर काम करणारा खापर गावचा राकेश, त्याचाही बंद. बंदराच्या ऑफिसात नानांनी लावला तर तिकडचा माणूस गुजरातीत म्हणाला की बोटीशी संपर्क तुटलाय, शोध चालू आहे. नानांनी हे मायला सांगताना "शोध" हा शब्द गिळला. म्हणाले, लाइन नाही. पण माय काही दुधखुळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना शेतातून परतले ते हातात गोणपाट धरून. गोणपाटात काहीतरी होतं. "पपईना वावरमा गिधाड पडेल शे," ते म्हणाले आणि गोणपाट अंगणात उघडलं. काळाभोर पक्षी, डोकं तेवढं मळकट पांढरं, चोच लांब आणि टोकाला आकड्यासारखी वाकलेली. एक पंख गोणपाटातून सुटून पसरला तर तो तुळशीवृंदावनापासून थेट पायरीपर्यंत पोचला. गिधाड घरावर बसलं तर घर सोडावं लागतं, असं आमच्याकडे मानतात, आणि हे तर नवऱ्याने हाताने उचलून अंगणात आणलेलं. माय पांढरीफटक पडली. "आजना दिन तुम्हले हाई आनाले सुचनं?" ती म्हणाली. "कोठेबी फेकी या, पन आठे नको." तेवढ्यात सुका भोई आला. तो तापीत जाळं टाकायचा, सत्तरीचा होता, आणि केळीचं नुकसान बघायला म्हणून डोकावला होता. तो पक्ष्याजवळ उकिडवा बसला, त्याचे पाय बोटांनी उलगडले. इवलेसे पाय, एवढ्या मोठ्या धडाला शोभत नव्हते. "वहिनी, हाई गिधाड नही," तो म्हणाला. "बोटेसमा चामडी शे, दखा. पन तापीनंबी नही. मन्हं बठ्ठं आयुष्य तापीवर गयं, आसं पाखरू मी दखं नही. हाई समिंदरनं शे."

"समिंदरनं?" मायने विचारलं. तिने पुढे होऊन त्या पक्ष्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिली. "मंग आठेच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "हाई जित्तं ऱ्हायनं ते मन्हा भूषण जित्ता शे." नाना माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. मला मनातून संताप आला होता. कॉलेजात शिकणारी पोरगी मी, असल्या खुळचट पैजा मला चालत नव्हत्या. पण खोटं कशाला सांगू, त्याच क्षणापासून मीही त्या पक्ष्याचा श्वास मोजायला लागले.

त्याला काय द्यायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या घरच्या अकलेप्रमाणे आधी दूध दिलं. मग दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी. मग भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मग पिकलं केळ, आणि शेवटी मायने वाटीत आमरससुद्धा आणला. पक्षी चोच मिटून बसलेला. मी त्याला उचलून बघितलं. एवढा थोरला जीव, आणि हातात वजन म्हणून नाही. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं. नंतरच्या आयुष्यात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता असे वादळाने टाकलेले कितीतरी समुद्रपक्षी मी हातात घेतले, कुणी विहिरीत सापडलेला, कुणी हायवेवर. सगळे असेच हलके. पहिल्यांदा तो हलकेपणा हाताला लागला तो त्या सकाळी. सुका भोई हसायचा तेवढा हसून घेऊन म्हणाला, "वहिनी, आमरस काय पी हाई? हाई मासाच खास." नाना घसा खाकरून उठून गेले. मायने आमरसाची वाटी माझ्या हातात दिली, देवघरात गेली, आणि परत आली तेव्हा तिचा गळा मोकळा होता. "सुकादादा, मासा आना," ती म्हणाली. मी म्हटलं, माय, तू मासा कापशील? तर म्हणे, "तू काप मंग. तुले जमी का?" मला काही जमणार नव्हतं.

पहिला मासा त्याने गिळला तेव्हा मायच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजवर विसरले नाही. हुंदकाही नव्हे आणि हसूही नव्हे. मग सुरू झालं ते मासे, अंघोळ, माळ, मोबाइल. घरात चूल नावापुरती पेटायची. मी खिचडी टाकायची, नाना दोन घास खायचे, मायचं ताट तसंच. बायका येऊन बसायच्या, कुजबुजायच्या, गोठ्याकडून वास आला की पदर नाकाला लावून उठून जायच्या. एकीने विचारलंच, माळकरणीच्या हाताला माशाचा वास कसा काय. माय तिला शांतपणे म्हणाली, "तुन्हा पोऱ्या घरमा शे ना? मंग घर जाय." ती बाई पुन्हा आली नाही. नाना दर तासाला बंदराच्या ऑफिसात फोन लावायचे आणि ओट्यावरून लांब, गोठ्याच्या टोकाला जाऊन बोलायचे. त्यांची पाठ बघून माय अंदाज बांधायची.

मी पक्ष्याचे फोटो काढून आमच्या प्राणिशास्त्राच्या गिरासे सरांना पाठवले होते. गिरासे सर म्हणजे एकदम कोरडा माणूस, वर्गात कधी विनोद नाही, पण पाखरांचं वेड असं की परीक्षेच्या हॉलमध्येही खिडकीबाहेर बघायचे. वादळाने आमच्याकडची वीज आणि मोबाइलचं नेट दोन्ही घालवलं होतं, साधा फोन तेवढा कसाबसा लागायचा, त्यामुळे फोटो जाता जाता दोन दिवस गेले. आणि त्या दोन दिवसांत पक्षी सुधारला. मान वर धरायला लागला, चोचीने मायचा पदर ओढायला लागला. माय त्याच्याशी बोलायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं आणि नानांना म्हणाली की आता त्याला तापीला सोडायचं.

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. प्रकाशात सगळं शेवटी तापीला सोडतात. अस्थी, निर्माल्य, देवाच्या फुटक्या तसबिरी, नवसाचे दिवे, जीर्ण पोथ्या. लांबलांबून लोक त्यासाठी येतात. तापीला सोडलं म्हणजे मार्गी लागलं, अशी आमची ठाम समजूत. आणि हा तर पाण्याचा जीव. तापी समुद्राला जाते, समुद्रावर भूषण आहे, पाखरू समुद्राचं आहे. मायचा हिशोब पक्का होता. खरं सांगायचं तर त्या सकाळी मलाही तो चुकीचा वाटला नाही. मी फक्त म्हटलं, सरांचं उत्तर येऊ दे. ती थांबली नाही. मी चार्जिंगला लावलेला मोबाइल बघायला आत गेले तेवढ्यात ती टोपलं डोक्यावर घेऊन घाटाकडे निघालीसुद्धा.

मोबाइल लागला, आणि सरांचा मेसेज खाडकन पडला. फ्रिगेट पक्षी आहे, त्यांनी लिहिलं होतं, खोल समुद्रावरचा. पाण्यात सोडू नका. याच्या पिसांना तेल नसतं, पिसं भिजतात, याला पोहता येत नाही. बुडेल.

मी अनवाणी धावले. घाटाच्या पायऱ्या कशा उतरले मला आठवत नाही. माय गुडघाभर पाण्यात उभी होती, आयुष्यात पहिल्यांदा, साडी पाण्यावर फुगलेली. तिचे हात रिकामे होते. "तापी माय," ती म्हणत होती, "समिंदरलगून लई जाय हाईले. मन्हा पोऱ्यालगून." बॅरेजच्या बंधाऱ्यामुळे तिथे उन्हाळ्यातही पाणी तुंबलेलं, खोल. चार हातांवर पक्षी पंख पसरून पडला होता, ओल्या घोंगडीसारखा. एकदा त्याने पंख उचलायचा प्रयत्न केला, उचलला गेला नाही. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. मी ओरडले. सुका भोई होडीतून जाळं धूत होता, त्याने होडी वळवली आणि वल्ह्याने पक्ष्याला ओढून घेतलं. पायरीवर ठेवलं तेव्हा ते पाखरू राहिलंच नव्हतं, काळी चिंधी होती. छाती मात्र हलत होती.

माय माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अचंबा होता, लहान मुलाला पडतो तसा. "समिंदरवर ऱ्हास," ती म्हणाली, "आनि पवता कसं येत नही हाईले?" आणि माझी जीभ सैल सुटली. तीन दिवसांचं जागरण, धावून फुटलेली छाती, तिच्या त्या पैजेचा मनात साठलेला राग, सगळं एकदम बाहेर आलं. मी म्हणाले, "भाऊले तरी कोठे येस? खोटं सांगं त्यानी तुले. तूच त्याले कधी पानीमा उतरू दिन्हं नही."

बोलले आणि कळलं काय बोलले. सुका भोईने मान खाली घातली. माय पाण्यातच उभी होती. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त पायरीवर आली, पक्षी पदरात गुंडाळला आणि घराकडे चालायला लागली. त्या क्षणापासून पुढचे तीन दिवस ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. मासे कापायची, पक्ष्याला उन्हात बसवून त्याची पिसं फडक्याने टिपायची, आणि मी समोर आले की मान वळवायची. मी आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे, माझेही केस पांढरे झालेत, पण ते वाक्य परत घेता आलं तर मी काय वाटेल ते देईन. खरं होतं म्हणून काय झालं. प्रत्येक खरं बोलायचं नसतं, आणि त्या पाण्यात उभ्या बाईला तर नाहीच नाही.

चौथ्या दिवशी वाट मोकळी झाली तसे गिरासे सर मोटारसायकलवरून आले. त्यांनी पक्ष्याचे पंख उलगडून तपासले, छातीवर बोट फिरवलं. "हा नुसत्या वादळाने पडला नाही," ते मला म्हणाले, पण माय दाराच्या आड ऐकते आहे हे त्यांना दिसत होतं, म्हणून त्यांनी आवाज वाढवला. "हा वादळाच्या आधीच उपाशी होता." मग ते ओट्यावर बसले आणि वर्गात कधी बोलले नाहीत एवढं बोलले. हा पक्षी पाण्यावर बसतच नाही. दिवसच्या दिवस हवेतच. मोठे मासे खालून धाकट्या माशांना वर हाकलतात, ते पाण्याबाहेर उडतात आणि हा वरच्यावर उचलतो. म्हणजे याचं सगळं जगणं समुद्राच्या वरच्या वीतभर पाण्यावर. आता आपला हा समुद्र तापत चाललाय. वरचं पाणी तापलं की मासा थंडाव्याला खोल जातो. हा वरून बघतो, मासा नाही, बुडी मारता येत नाही. लांब लांब फिरतो, झिजतो. आणि त्याच तापलेल्या पाण्यावर वादळं पोसतात. आधी इकडच्या बाजूला क्वचित व्हायची, आता वरचेवर होतात. पोट भरलेला पक्षी वादळाला बगल देतो. उपाशी असला तर वारा नेईल तिकडे जातो. "म्हणून पपईत पडला," सर म्हणाले.

दाराआडून मायने विचारलं, "हाईनं पिल्लू व्हई का कोठे?" सर म्हणाले, हा स्वतःच तरुण आहे, डोकं पांढरं आहे अजून. पण यांच्यात एका वेळी एकच पिल्लू असतं, आणि आई त्याला उडता आल्यावरसुद्धा कितीतरी महिने भरवत राहते. बेटावर परत येऊन येऊन. समुद्रात मासा नसला तर तिला लांब जावं लागतं, उशीर होतो, आणि पिल्लू वाट बघत बसतं. सरांच्या लक्षात आलं की आपण काय बोलतोय, आणि ते पक्ष्याकडे वळले. आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

सरांनी वनखात्यात बोलून घेतलं होतं. याला सपाट जमिनीवरून उडता येत नाही, ते म्हणाले, पाय तोकडे आहेत. उंच कडा हवा आणि समोरून वारा. तोरणमाळ. पण अजून दोन दिवस याला खाऊ घाला. त्या दोन दिवसांत बंदराच्या ऑफिसातून एकच गोष्ट कळली, की टग उलटलेली सापडली. नानांनी या वेळी शब्द गिळला नाही. त्यांना गिळायला बळच उरलं नव्हतं. ओट्यावर उभं राहून त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं आणि खाली बसले. मायने ऐकलं, माळ काढून खुंटीला लावली आणि मासे कापायला गेली.

सहाव्या दिवशी पहाटे आम्ही नानांच्या पिकअपमधून निघालो. नाना आणि सर पुढे, मी आणि माय मागे, मध्ये टोपलं. शहादा गेलं, लोणखेडा गेलं, घाट लागला. वळणावळणाला टोपलं सरकायचं आणि आमचे दोघींचे हात एकाच वेळी त्यावर पडायचे. ती हात काढून घ्यायची नाही, पण बोलायचीही नाही. वर सीताखाईच्या कड्यावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं, आणि दरीतून वारा असा वर येत होता की साडी सांभाळवेना. सरांनी पक्ष्याला दोन्ही हातांत घेतलं. म्हणाले, आपण त्याला फेकायचं नाही. उंच धरायचं. वारा आवडला तर तो स्वतः जाईल. पक्ष्याने पंख अर्धे उघडले आणि परत मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. सरांचे हात भरून आले.

आणि मायचा मोबाइल वाजला. तोरणमाळला रेंज म्हणजे लागली तर लागली. त्या कड्यावर ती लागली. मी वाकून बघितलं, अनोळखी नंबर. माय तो हातात धरून उभी होती आणि तिचा अंगठा हलत नव्हता. "माय, उचल ना," मी म्हणाले. "भाऊना व्हई." ती तीन दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. "पयले हाई उडू दे." मी मोबाइल हिसकायला गेले तर तिने तो छातीशी धरला. मला कळत होतं. तिला वाटत होतं की पक्ष्याआधी फोन उचलला आणि पलीकडे पोलीस निघाले, तर ते तिने केलं. नाना दगडावर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होते. फोन वाजत होता, पक्षी पंख उघडत मिटत होता, आणि मी, जी असल्या गोष्टी मानत नव्हते, मनात म्हणत होते, जा रे बाबा, जा.

फोन थांबला. त्यानंतर थोड्या वेळाने वाऱ्याचा एक जोरदार झोत आला, आणि पक्ष्याने पंख पूर्ण उघडले. सरांच्या हातातून तो उडाला असं मी म्हणणार नाही. तो नुसता उचलला गेला. पंख न हलवता आमच्या डोक्यावर आला, दरीवर गेला, एक मोठी गिरकी घेतली आणि पश्चिमेला सरकत सरकत ठिपका झाला. सर म्हणाले, उडाला म्हणजे वाचला असं नाही, पुढे मासा मिळाला तर. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. मायने नंबर परत लावला. रेंज गेली होती. कड्यावर इकडे तिकडे फिरलो, हात उंच केले, काही नाही. मग तो घाट आम्ही जसा उतरलो तसा कुणी उतरू नये. नाना गाडी चालवत होते आणि रडत होते, सर त्यांना फक्त वळणं सांगत होते. पायथ्याशी दोन काड्या आल्या. मायने नंबर लावला आणि मोबाइल मला दिला. तिच्या हाताने तो कानाला लागेना. पलीकडून खरखरत आवाज आला, "माय?"

भूषण गुजरातमधल्या एका दवाखान्यात होता. मासेमारीच्या एका होडीने त्याला उचललं होतं, चार दिवस त्याला शुद्धच नव्हती, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मोबाइलवरून बोलत होता. मी मोबाइल मायच्या कानाला धरला. ती नुसती हुंकार देत राहिली. मग तो काय म्हणाला ते मलाही ऐकू आलं, कारण त्याचा आवाज फाटला. टग उलटायच्या आधी राकेशने स्वतःचं जॅकेट काढून त्याच्या अंगात घातलं होतं. भूषणचं जॅकेट खाली केबिनमध्ये राहिलं होतं. "तुले पवता येत नही, तू घाल, आसं म्हने," तो रडत होता. "माले येस, म्हने." राकेश सापडला नव्हता. नंतरही सापडला नाही.

गावात मग गोष्ट झाली, व्हायचीच होती. पाखरू उडालं आणि पोराचा फोन आला. लोक लांबून ऐकायला यायचे. माय एकदाही ती सांगत नसे. कुणी सुरुवात केली की उठून आत जायची. भूषण चालायला लागला त्या आठवड्यात ती त्याला आणि मला घेऊन खापरला गेली. राकेशचं घर बाजाराच्या मागे, कुडाचं, शेणाने सारवलेलं. त्याची आई घरच्यांशी त्यांच्या बोलीत बोलली, आमच्याशी बाजारातली अहिराणी. तिने आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. बारकी, काळीसावळी बाई, माझ्या मायपेक्षा वयाने लहानच असेल. रडून रडून कोरडी झालेली. तिला एकच गोष्ट समजत नव्हती आणि ती तेच तेच विचारत होती. "मन्हा राक्या पानीमा मासाना मायक व्हता. तो कसा बुडना?"

तिला जॅकेटचं कुणी सांगितलंच नव्हतं. भूषण पाण्याचा पेला हातात नुसता फिरवत होता. मी डोळ्यांनी मायला म्हणत होते, नको, आता हे सांगू नको, प्रत्येक खरं बोलायचं नसतं. माय खाटेवरून उतरली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. "त्यानं जाकीट मन्हा पोऱ्याले दिन्हं," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्याले पवता येत नही. मीच शिकू दिन्हं नही त्याले."

राकेशच्या आईने भूषणकडे बघितलं. बाहेर कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं.

"आते येस का त्याले?" तिने विचारलं.

"नही."

"मंग शिकाड त्याले," ती म्हणाली.